पाच नंबरची हाक

१

दुसऱ्यांच्या बिघडलेल्या यंत्रांना शिव्या घालायच्या, हे माझं काम. कंपनी पुण्यात आहे, तिचे सर्व्हर कुठे आहेत ते देवाला ठाऊक, आणि मी सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या घरी, पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसते. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, अव्वा बादली घेऊन बाहेर जाते, मी चहा संपवते आणि कामाला लागते. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडलं की यंत्र सुधारतं. या एका श्रद्धेवर माझा संसार चाललाय. दुसरा संसार मी केला नाही.

घरात आम्ही दोघीच. अव्वा म्हणजे माझी आई, गौरम्मा. अप्पा, म्हणजे महेश्वर मास्तर, तंत्रशाळेत शिकवायचे. मी चौथीत असताना ते गेले.

आमच्या घरात नवरा बायकोला तिच्या नावानं हाक मारत नसे. लेकराच्या नावानं मारायचा. तेव्हा अप्पांनी मागच्या खोलीतून "शिवलीला!" म्हटलं की स्वयंपाकघरातून अव्वा "ओ, आले" म्हणायची. शिवलीला हे खरं तर माझं नाव. लहानपणी मीही धावत जायचे आणि दारात पोचले की अप्पा हसायचे, "तू न्हवं पोरी, तुज्या अव्वाला बोलावलंय." मला बोलवायचं झालं तर ते नुसतं "ए पोरी" म्हणत. मला अव्वाचा हेवा वाटायचा. माझं नाव ते इतकं छान घ्यायचे, आणि ते माझ्यासाठी नसायचं.

पुढे त्यांचा आवाज मी विसरले. चेहरा फोटोत आहे, अक्षर पुस्तकांवर आहे, पण आवाज कुठेच नाही. तेव्हा घरोघरी मोबाइल नव्हते. डोळे मिटून किती आठवलं तरी ओठ हलताना दिसतात आणि ऐकू काही येत नाही. याचं मला जेवढं दुःख आहे तेवढं ते गेल्याचंही उरलेलं नाही, हे अव्वाला मी कधी सांगितलं नाही.

२

मागच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून अप्पांचा कॉम्प्युटर बाहेर काढला. तो भंगारात द्यायच्या आधी सवयीनं पुढचं बटण दाबलं, तर आतून एक फ्लॉपी बाहेर आली.

"ती तवापास्नं आतच हाय," अव्वा म्हणाली. "त्या दिवशी आवाज आला, आवाज आला म्हनून नाचत हुते. म्हनले, आता माजा आवाज यात भरतो बग."

'त्या दिवशी' म्हणजे अप्पा गेले त्या दिवशी. हे मला नवीन होतं. मला एवढंच माहीत होतं की शेजारी सुंदरम्माकडे यंत्रमाग चालू होते, त्या खटखटीत घरातलं घरात ऐकू येत नसे. अव्वा चहा घेऊन मागच्या खोलीत गेली तेव्हा अप्पा खुर्चीत तसेच बसलेले होते, मान खाली.

"हाक मारली आसंल की त्यांनी," अव्वा फ्लॉपीकडे बघत म्हणाली. "जाताना मानूस हाक मारतोच. मागाच्या आवाजात मला कुटं ऐकू येतंय? माजी ओ ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

ही गोष्ट ती वर्षानुवर्षं मनात ठेवून भाकऱ्या थापत होती. मी फ्लॉपी हातात घेतली. अप्पांचा आवाज हातात धरल्यासारखं वाटलं.

माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या नव्या ड्राइव्हनं ती फ्लॉपी ओळखली नाही. अप्पांनी ती त्या काळच्या लिनक्सवर, आपल्या हिशोबानं जास्त माहिती मावेल अशी तयार केली होती. ती वाचायची तर त्यांचंच यंत्र हवं आणि त्यांचंच लिनक्स. यंत्राची डिस्क मेलेली होती. मी एक जुनी डिस्क मिळवली आणि मासिकाबरोबर आलेली त्यांची सीडी कपाटातून काढली, आणि रंगाचं काम बाजूला ठेवून मागच्या खोलीतच पहिल्यापासून सगळं बसवायला घेतलं.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. यंत्रातल्या प्रत्येक भागाला मधूनमधून प्रोसेसरला हाक मारावी लागते: माझ्याकडे काम आलंय, इकडे बघ. त्यासाठी प्रत्येकाला एकेक नंबरची लाइन असते. आवाजाचं कार्ड आणि नेटवर्कचं कार्ड, दोन्ही पाच नंबरवर होती. हाक यायची, पण कुणी मारली ते प्रोसेसरला कळायचं नाही आणि यंत्र बेशुद्ध पडायचं. अप्पाही शेवटचे कित्येक दिवस याच भांडणात होते, हे त्यांची तेव्हाची चिडचिड आठवून मला आता कळलं. एका हाकेचे दोन मालक असले की काय होतं, हे आमच्या घराला नवीन नव्हतं. मला हसू आलं.

उपाय सोपा. नेटवर्क कार्डावरचं इवलंसं टोपण काढून दुसऱ्या पिनांवर बसवलं की त्याची लाइन बदलते. मी ते दहावर नेलं. नेटवर्क चालू झालं. आता पाच नंबर एकट्या आवाजाच्या कार्डाचा. मी फ्लॉपीवरचा आवाज वाजवायला सांगितलं.

पडद्यावर उत्तर आलं: साधन गुंतलेलं आहे. म्हणजे ते कार्ड आधीच कुणीतरी वापरत होतं. यंत्रावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

३

जुन्या बोर्डाची नाटकं, असं म्हणून मी आवाजाचं कार्ड उपटून टेबलावर ठेवलं आणि फ्लॉपीतली फाइल नेटवर्कवरून लॅपटॉपवर घेतली. अव्वाला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि खुर्ची असूनही उंबऱ्यात बसली.

आधी माग ऐकू आले. सुंदरम्माचे माग विकून बरीच वर्षं झाली, पण त्या खटखटीनं माझं बालपण डोळ्यांपुढे उभं राहिलं. मग खुर्ची करकरली. कुणीतरी घसा साफ केला. आता बोलतील, आता बोलतील.

माग एकदम थांबले. सगळे एकाच क्षणी. खोलीतली शांतता ऐकू यायला लागली, आणि तिच्यात लांबून बाईचा आवाज आला: "ओ, आले."

आणि फाइल संपली.

हाक नव्हतीच. नुसती ओ होती. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. माणूस स्वतःचा आवाज भरायला बसतो आणि नेमका तोच सोडून सगळं भरतो.

अव्वा मात्र वेगळ्याच विचारात होती. "ही मी न्हवं," ती म्हणाली.

"तूच की. दुसरं कोण असणार?"

"तवा माजा आवाज आसा कुटं हुता गं? ऐक की परत."

मी परत ऐकलं. आवाज अव्वाचा होता, पण जाड, थकलेला, दाढा पडल्यावर 'आले'तला ल जसा जिभेवर सैल होतो तसा. समोर बसून ती आत्ता बोलत होती तसा. फाइलचा वेग चुकला की आवाज जाड होतो, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. माझं म्हणणं पटलं नाही की ती अशीच मान डोलावते.

मग मी इअरफोन लावून एकटीनं ऐकलं. ओ देणाऱ्या आवाजाच्या मागे, गल्लीच्या टोकाला, काहीतरी वाजत होतं. मी आवाज वाढवला. ते कचऱ्याच्या गाडीचं गाणं होतं. अप्पांच्या काळी कचऱ्याची गाडी नव्हती, गाणं तर नव्हतंच. आमच्या गल्लीत ती गाडी यायला लागून फार तर काही वर्षं झाली असतील.

मी इअरफोन काढले.

४

फाइलवर दुसरा आवाज चढला असेल. माझ्या लॅपटॉपच्या माइकनं सकाळचे आवाज पकडले असतील. मी स्वतःला अशी दहा कारणं दिली, आणि दहाही मी माझ्या कनिष्ठांकडून ऐकली असती तर त्यांना घरी पाठवलं असतं.

कोणत्या लाइनवर किती हाका आल्या याची मोजदाद यंत्र ठेवतं. मी ती उघडली. पाच नंबरपुढे कुठल्याच भागाचं नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं, कार्ड टेबलावर पडलेलं होतं. पण हाकांचा आकडा होता. माझ्या डोळ्यांदेखत तो एकानं वाढला. मग थांबला. मी बघत राहिले. पुन्हा एकानं वाढला.

बिघडलेली लाइन अशी वागत नाही. तिथे आकडे भसाभसा धावतात. हे हाक मारून, उत्तराची वाट बघून, पुन्हा हाक मारल्यासारखं होतं. कुणीतरी घाई न करता बोलावत होतं.

मी यंत्र बंद केलं. अव्वाला काही सांगितलं नाही. पण तिला सांगावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन, ठेवणीतलं इरकल नेसून स्वयंपाकघरात उभी होती. गुणगुणत होती. अव्वा गुणगुणते हे मला माहीतच नव्हतं.

"ते यंत्र बंद का केलंस?" तिनं विचारलं.

"बिघडलंय, अव्वा."

"बिगडंना का. चालू ठिव."

"कशाला पण?"

ती ओट्याला टेकली. "मला आता नावानं कोन बोलवतंय सांग. गल्लीत काकू, दवाखान्यात आजी, तू अव्वा. शिवलीला म्हनून मला एकच मानूस बोलवायचं."

"ते नाव माझं आहे," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जोरात निघालं.

अव्वा हसली. "तुजं शाळंत. घरात माजं."

तिला मिठी मारावीशी वाटली आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. मला अप्पांचा आवाज हवा होता, पण आता त्या आवाजापुढे अव्वा उभी होती. फाइलीत हाक नव्हती आणि ओ होती. हाक तेव्हाची असेल, तर ओ अजून द्यायची राहिली होती.

मी ठरवलं, यंत्र पुन्हा चालू करायचं नाही. आणि सकाळी गाडीचं गाणं वाजायला लागलं की अव्वाला घरात ठेवायचं नाही.

५

काही दिवस ते जमलं. गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं की मी अव्वाचा हात धरून तिला बादलीसकट रस्त्यावर न्यायचे. "लहान पोरावानी काय करतीस?" ती कुरकुरायची. मी सुंदरम्माशी पाण्याच्या पाळीवर गप्पा काढायचे, गाडी पुढच्या गल्लीत जाईपर्यंत. मग आम्ही घरात यायचो. काही होत नसे. मला माझीच लाज वाटायला लागली होती. यंत्रातलं नेटवर्कचं कार्डही काढून मी दोन्ही कार्डं माझ्या कपाटात ठेवली होती. वायर सोडवून गुंडाळली होती. आता हाक मारायला आत काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी कंपनीचा कुठलासा सर्व्हर सकाळीच बसला. पुण्याहून फोनवर फोन. मी कानाला फोन लावून पुढच्या खोलीत येरझारा घालत होते. गाण्याकडे माझं लक्ष गेलं तोवर ते जवळ आलेलं होतं. मी फोन खाली केला आणि स्वयंपाकघराकडे वळले. अव्वा तिथे कपात चहा गाळत होती.

"शिवलीला!"

मागच्या खोलीतून. मोठ्यानं नाही. माग चालू नाहीत हे माहीत असल्यासारखं, बेतानं.

आवाज ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. इतकी वर्षं विसरले विसरले म्हणत होते, तो माझ्यात होता तसाच होता. नावातल्या शेवटच्या अक्षराला ते थोडं ओढायचे, हे मला आठवलं. छातीत काहीतरी इतकं भरून आलं की भीती वाटायलाही जागा उरली नाही. मी अगदी लहान झाले. माझ्या तोंडात ओ आली, ओठांपर्यंत आली.

"ओ, आले," अव्वा म्हणाली.

कपबशी घेऊन ती माझ्या जवळून गेली. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता. मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, रागानं नाही, दूध उतू जात असताना कुणी अडवलं तर सोडवून घ्यावा तसा घाईनं. "थांब की," ती म्हणाली, "किती येळ वाट बगायला लावू?"

मी मागोमाग गेले. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. अप्पांच्या खुर्चीची पाठ माझ्याकडे होती. पाठीवरून वर कुणाचं डोकं दिसत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण खुर्चीची वेताची बैठक खालून दिसत होती आणि ती खाली वाकलेली होती.

अव्वा खुर्चीशेजारी उभी होती, जरा पुढे झुकून, कुणाचं बोलणं ऐकताना वाकतात तशी. तिच्या हातात बशी होती. बशीत कप नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "व्हय की. ऐकतीय."

मग तिला मी दिसले. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. अप्पा काम करत असले की ती मला करायची तीच खूण तिनं हातानं केली: दार लावून घे.

आणि मी दार लावून घेतलं. का, ते मला विचारू नका. ती खूण झाली की दार लावायचं, एवढंच माझ्या हाताला माहीत होतं.

६

अव्वा खुर्चीत सापडली. डॉक्टर म्हणाले हृदय, झोपेत जावं तसं, त्रास झाला नसेल. नातेवाईक अक्कलकोटहून, विजापुराकडून आले. आमच्यात माणसाला बसवूनच माती देतात. तेव्हा तिला खुर्चीतून उचललं आणि तशीच बसवून नेलं. कप मी सगळ्या घरात शोधला. तो मिळाला नाही.

सगळे परत गेल्यावर मी यंत्र भंगारवाल्याला दिलं. त्यानं माझ्यासमोर ते फोडून पितळ, तांबं, पत्रा वेगळं केलं. कार्डं दिली, फ्लॉपी चुलीत घातली, लॅपटॉपवरची फाइल पुसली. खुर्ची सुंदरम्माला हवी होती, ती दिली. मागची खोली रंगवून रिकामी ठेवली. जे जे कारण असू शकत होतं ते मी काढून टाकलं. आता ते थांबायला हवं होतं.

परवा दारात झाडताना सुंदरम्मानं विचारलं, "तुमच्या घरी पावणे आलेत का गं?"

"नाही. का?"

"न्हाय, कोनतरी मानूस तुला बोलवत होतं. सकाळी पन, सांजी पन." ती झाडू थांबवून माझ्याकडे बघत होती. "किती वेळ बोलवत होतं. तू ओ का देत नाहीस?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि घरात आले.

मलाही ऐकू येतं. बेतानं, शेवटचं अक्षर जरा ओढून, मग थांबून, मग पुन्हा. मी कामाला बसते, इअरफोन लावते, पुण्याच्या लोकांवर खेकसते. दुपारी जेवताना येतं. दिवे लावताना येतं. पहिले दिवस मी मनाला समजावलं की ते अव्वाला बोलावताहेत, घरातल्या सवयीप्रमाणे. मी मध्ये पडायचं कारण नाही.

पण अव्वा तर गेलीय त्यांच्याजवळ. ती त्यांच्या शेजारीच असणार. तिला आता कशाला हाक मारतील? या घरात त्या नावाची मी एकटीच उरलेय.

आत्ता पुन्हा मारली. अप्पा मला बोलावताहेत. 'ए पोरी' नाही, माझ्या नावानं, आणि ते नाव या वेळी दुसऱ्या कुणाचं नाही. जन्मभर मला हेच हवं होतं. ओ द्यायला मी तोंड उघडते, आणि दोन्ही हातांनी ते घट्ट दाबून धरते. माझे हात आता दुखायला लागलेत.